आईचे सरळ केस

आमच्या खोलीतली इस्त्री पूर्ण थंड झालेली मला आठवत नाही. आप्पांची गिरणी बंद पडली आणि लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, दाराला लागून, एक लाकडी टेबल आलं. त्यावर सोलापुरी चादरीच्या जाड घड्या आणि घड्यांवर कोळशाची पितळी इस्त्री. आप्पा कोळसे फुंकायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, गाठोडी घरोघर पोचवायचे. इस्त्री फिरवायची मात्र आईने. "बायकांचा हात हलका असतो," असं आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगत. खरी गोष्ट अशी की, पहिल्याच आठवड्यात त्यांनी तळमजल्यावरच्या मास्तरांच्या पँटला गुडघ्यावर इस्त्रीच्या आकाराचं नक्षीकाम करून दिलं होतं, आणि त्यानंतर आईने त्यांना टेबलाच्या त्या बाजूला येऊ दिलं नाही.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. सकाळी नळाची धार पिंपात पडायची, मग आप्पांच्या फुंकणीची फूफू, मग आईच्या हातातल्या वाटीतून पाणी शिंपडल्याचा आवाज आणि लगेच त्या ओल्या सुतावर इस्त्री टेकल्याचं चर्र. दुपारी सगळ्या गॅलरीभर बांगडे भाजल्याचा वास सुटायचा, आणि शेजारणी ओरडायच्या, शेवंता, कपडे आत घे गो, आमच्या साहेबाच्या शर्टाक वास लागतलो. आई हसायची आणि दार लोटून घ्यायची. कापडाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नसे. सुताला पाणी किती, टेरिलिनला आच किती, रेशमावर मलमलचा तुकडा टाकून कसं फिरवायचं, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. लालबाग-परळच्या निम्म्या नवऱ्यामुलींचे शालू त्या टेबलावरून गेले असतील. एकही जळला नाही. आईला याचा गर्व होता, आणि मला वाटतं तिला तेवढा एकच गर्व होता.

कारण दुसरीकडे तिचे केस होते. माझेही तेच. आईच्या माहेरच्या सगळ्या बायकांचे केस वळायचे. कुरळे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कपाळावरच्या दोन नाजूक बटा येतात. आमचं प्रकरण तसलं नव्हतं. आमचा केस मुळातूनच गिरकी घेत बाहेर पडायचा. ओला असताना कमरेपर्यंत आणि सुकला की मानेपर्यंत. फणी घातली की फणीचेच दात तुटायचे. चाळीतली पोरं मला 'काथ्या' म्हणत, आणि मीही काही गप्प बसणारी नव्हते, दोघांना तरी मी गॅलरीत पकडून बदडलं होतं. आईचा मार्ग वेगळा होता. ती डोक्यावर ओंजळभर खोबरेल ओतायची, केस आवळून आवळून त्यांचा अंबाडा घालायची आणि वरून पदर. रविवारी दुपारी दार लावून ती शिकेकाईने न्हायची तेवढ्यापुरते मला तिचे मोकळे केस दिसत. मला ते फार आवडायचे. तसं मी एकदा म्हणाले तर तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यामागची गोष्ट मला आप्पांनी सांगितली. आमच्या गावात घरचं लग्न असलं की लग्नाच्या सकाळी घरच्या सगळ्या बायका पडवीत एकीमागे एक अशा ओळीने बसतात. मागचीने पुढचीचे केस विंचरायचे, अंबाडा किंवा वेणी घालायची आणि त्यावर वळेसर, म्हणजे अबोलीचा नाही तर मोगऱ्याचा गजरा, माळायचा. घरातली थोरली सून सगळ्यांच्या मागे बसते आणि तिची धाकटी जाऊ तिच्या पुढ्यात. आई नवी नवरी म्हणून त्या घरात आली आणि महिन्याभरातच आप्पांच्या चुलतभावाचं लग्न निघालं. थोरली काकी, म्हणजे आईची मोठी जाऊ, तिच्या मागे बसली. काकीचे स्वतःचे केस सरळ, काळेभोर, उभी राहिली की कमरेच्या खाली येणारे. तिने आईच्या केसांत फणी घातली, फणी अडकली आणि कडकन मोडली. काकीने तो मोडका तुकडा वर धरून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, "ह्या रानात गोरू हरावला तर गावचा नाय!" या रानात ढोर हरवलं तर सापडायचं नाही, असं. अख्खी पडवी हसली. अंगणात मांडव घालणारे पुरुषही हसले. आप्पा म्हणाले, मी पण हसलो गो, काय करणार, हसण्यासारखाच होता. एवढं सांगून ते बराच वेळ कोळसे ढवळत बसले.

आई त्यानंतर त्या ओळीत कधी बसली नाही. गावात कुणाचं लग्न निघालं की आमच्याकडे कुणीतरी आजारी पडायचं, नाहीतर शाळेची परीक्षा यायची, नाहीतर नेमके शालूच शालू इस्त्रीला यायचे. आप्पा एकटे जाऊन येत. वर्षं गेली. आणि मग एक दिवस गावाहून आलेल्या माणसाकडून निरोप आला की थोरल्या काकीच्या रंजनाचं लग्न ठरलंय, मुलगा प्रभादेवीचा, लग्न इकडेच हॉल घेऊन करायचं, आणि मुलीकडची सगळी मंडळी उतरणार आमच्या खोलीत. आता आईला पळायला जागा नव्हती. पडवीच तिच्या दारात येणार होती.

मी तेव्हा अकरावीत आपटून घरी बसले होते. घरी म्हणजे खरं तर आग्नेसबायकडे. दादरला चर्चमागच्या गल्लीत एका जुन्या लाकडी घराच्या पुढच्या खोलीत आग्नेसबाय बायकांचे केस करायची. तिच्याकडचे टॉवेल आमच्याकडे इस्त्रीला येत. मी ते पोचवायला जाता जाता एकदा झाडू हातात घेतला, मग केस धुवायला लागले आणि बघता बघता तिथलीच झाले. आग्नेसबाय मूळ मुंबईची, पिढ्यान्‌पिढ्यांची. फुलाफुलांचा फ्रॉक, दंडावर देवी टोचल्याचे मोठे वण, तोंडात मराठी-हिंदी-इंग्लिशची भेळ. खोलीत येशूच्या तसबिरीपुढे लाल दिवा, आतल्या घरातून मसाला भाजल्याचा ठसका, आणि खिडकीत रॉकेलचा स्टोव्ह. त्या स्टोव्हवर ती पितळेची एक जाड फणी तापवायची. तिचा भाऊ बोटीवर होता. कुठल्याशा दूरच्या बंदरात बायकांचे केस आमच्यासारखे असतात आणि त्या अशी फणी वापरतात, हे बघून त्याने बहिणीसाठी ती आणली होती. तापलेली फणी मुळाजवळून शेवटापर्यंत एकदाच ओढायची. मागून केस रेशमाच्या लडीसारखा सरळ येतो. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हातातला झाडू खाली पडला.

आज माझ्या नातीकडे चिमट्यासारखं विजेचं यंत्र आहे. त्यावर आकडे उमटतात, आधी कसलासा फवारा मारायचा, यंत्र स्वतःच शिट्टी मारून सांगतं की झालं तापून. मी आयुष्यभर हाच धंदा केला, तरी ती मला वापरायचं कसं ते समजावून सांगते, आणि मी निमूटपणे ऐकते. आग्नेसबायचं यंत्र म्हणजे वर्तमानपत्राचा कोरा काठ. तापलेली फणी आधी त्यावर टेकवायची. कागद पिवळा पडला तर फणी हवेत धरून उभं राहायचं, घाई करायची नाही. केस आधी धुऊन तेलाचा अंश काढायचा, मग वाळवायचा, आणि वाळला असं वाटलं की आणखी वाळवायचा. नखावर मावेल एवढं क्रीम तळहातावर चोळून केसांवरून नुसता हात फिरवायचा. "ओला केस आणि गरम फणी, खलास," ती म्हणायची. "पाणी आतल्या आत उकळते. भात शिजवायचा काय डोक्यावर?"

हे सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं होतं, कारण आईने विचारलंच होतं. निरोप आल्याच्या तिसऱ्या दिवशी शर्टाची कॉलर दाबता दाबता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती तुझी आग्नेसबाय केस सरळ करता, ते कोणाचेय होतत?" मी म्हटलं, कुणाचेही. ती म्हणाली, "माझेय?" मी हो म्हटलं तेव्हा तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि मला सगळं खोदून खोदून विचारलं. तिला एकच हवं होतं. त्या दिवशी ओळीत थोरल्या काकीच्या पुढ्यात बसायचं आणि काकीची फणी वरपासून खालपर्यंत, कुठेही न अडकता, सर्रकन गेली पाहिजे. बाकी तिला काही नको होतं. काय बोलायचं तेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं. "वयनी, गोरू गावला काय?" हे वाक्य ती मला म्हणून दाखवायची आणि मग दोघी हसत सुटायचो. इतकी वर्षं तिने ते पोटात ठेवलं होतं आणि आता बोलायला मिळणार म्हणून ती तरुण दिसायला लागली होती.

पण परक्या बाईच्या खुर्चीत बसून डोकं उघडं करायचं, हे काही तिच्या गळी उतरेना. आणि तिच्या घरात तर इस्त्री होती. एके दिवशी दुपारी मी दादरहून आले तर टेबलावरचे कपडे बाजूला सारलेले, जाड टॉवेल अंथरलेला, इस्त्री तापलेली, आणि आई वाट बघत उभी. म्हणाली, "बेबी, हंय ये. तुझी एक बट करून बघतंय. जमला तर मगे माझे तू कर." मी म्हटलं, अगं, आग्नेसबाय फणीने करते, इस्त्रीने नाही. आईने हात झटकला. "मी शालू इस्त्री करतंय, केसाचा काय घेवन बसलंस!" तिच्या हातावर माझा इतका विश्वास होता की मी मान टॉवेलवर टेकवून बसले. तिने कानामागची एक जाड बट ओढून टॉवेलवर पसरली, बोटांनी विंचरून सपाट केली, आणि मग, जसं ती रोज शेकडो वेळा करायची तसं, वाटीत बोटं बुडवून त्यावर पाणी शिंपडलं. मी म्हटलं, "आई, सुके लागतात गो!" ती म्हणाली, "सुक्यार इस्त्री कोण फिरवता? जळात ना!" आणि तिने इस्त्री टेकवली.

चर्र झालं. पण तो कापडाचा आवाज नव्हता. वाफेचा लोट आला, कानाची पाळी चटकली, मी किंचाळले, आणि खोलीभर कोंबडा भाजल्यासारखा वास सुटला. आईने इस्त्री उचलली तर बट टॉवेललाच चिकटून राहिलेली. हात लावल्यावर अर्धी तुटून आली. जी डोक्याला राहिली ती पिवळट, ताठ, झाडूच्या काडीसारखी झाली होती. आप्पा फुंकणी घेऊन धावत आले. कान फारसा भाजला नव्हता. मी रडत होते खरी, पण आईकडे बघून माझं रडणं थांबलं. ती हातातल्या त्या तुटक्या बटेकडे बघत उभी होती. इतक्या वर्षांत तिच्या हातून काही जळलं नव्हतं, आणि जळलं ते माझं.

त्या दिवशी तिने पुढचे कपडे हातात घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी घेतले, पण प्रत्येक कापडावर आधी तळहात ठेवून बघायची, इस्त्री नाकाजवळ नेऊन बघायची, आणि शेवटी इतकी थंड फिरवायची की सुरकुत्या तशाच. आप्पा गुपचूप त्या कपड्यांना पुन्हा इस्त्री करायचे. मास्तरांच्या पँटलाही त्यांनीच इस्त्री केली आणि या वेळी नक्षी काढली नाही. रात्री जेवताना आईने जाहीर केलं की लग्नाच्या दिवशी ती भांडुपला बहिणीकडे जाणार, बहिणीची तब्येत बरी नाही. आप्पांनी विचारलं, काय झालंय तिला? आई म्हणाली, "होतला काय तरी." त्यावर कोणी हसलं नाही. मला त्या वेळी आईचा राग आला, आणि त्या कधी न पाहिलेल्या पडवीचा त्याहून जास्त.

मी सगळं आग्नेसबायला सांगितलं. तिने माझी बट कात्रीने साफ केली, कानाला मलम लावलं, आणि म्हणाली, "आईला घेऊन ये. पाव्हणे येतील त्या दिवशी सकाळी. डोकं धुऊन आण, तेल नको, आणि बोल तिला, कोणी बघणार नाय, मी दरवाजा बंद करते." आईला आणणं हे मोठं काम होतं. शेवटी आप्पाच तिला म्हणाले, "शेवंता, तेव्हा मी हसलंय. आता मी सोडूक येतंय." ते तिला दादरच्या गल्लीपर्यंत सोडायला आले आणि बाहेर पायरीवर बिडी ओढत बसून राहिले.

खुर्चीत बसल्यावर आईने आरशाकडे पाठ करून घेतली. तिचे केस सुकवायलाच आम्हाला तासभर लागला. आग्नेसबाय बोटं घालून मुळाशी चाचपायची आणि पंख्याखाली परत परत मोकळे करायची. तिने ते केस दोन्ही हातांत उचलून धरले आणि म्हणाली, "काय माल आहे गो बाय तुझ्या डोक्यावर! हे सरळ करायचे? पाप लागेल मला." आईला ती थट्टाच वाटली. ती आणखी अंग आवळून बसली. मग फणी स्टोव्हवरून उतरली, कागदावर टेकली, आणि आग्नेसबायने ती मानेजवळ नेली मात्र, आई अशी दचकली की खुर्ची सरकली. पुन्हा फणी आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आग्नेसबाय थांबली, आईच्या गच्च मिटलेल्या डोळ्यांकडे तिने बघितलं आणि फणीची लाकडी मूठ माझ्या हातात दिली. "पोरीच्या हाताने घेशील काय?" तिने विचारलं. मग तिने डोळे न उघडताच मान थोडी पुढे झुकवली.

मी तोवर फक्त आग्नेसबायकडच्या केसांच्या एका जुन्या टोपावर हात बसवला होता. मी कागद पाहिला, तो पांढराच राहिला. मानेजवळची बोटभर बट घेतली, डोक्याच्या कातड्यापासून फणी लांब ठेवली, आणि ओढली. आवाज झाला नाही. वासही आला नाही. बट माझ्या हातात सरळ लोंबत होती, गरम, चकचकीत, आणि मी कधी कल्पना केली नव्हती इतकी लांब. मी ती आईच्या खांद्यावरून पुढे सोडली. तिने डोळे उघडून बोटांनी ती शेवटापर्यंत चाचपली, मग परत वरपासून. "चटकला नाय," ती म्हणाली. मग ती खुर्चीत मागे टेकून बसली आणि दुपार होईपर्यंत हलली नाही. घरी निघताना आग्नेसबायने तिला बजावलं की पाण्याचा थेंब नको, घामही नको. पाणी लागलं की केस परत वळून वर चढणार.

वैशाखातल्या लालबागमध्ये घाम नको म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. आई डोक्याला सुती फडकं बांधून टेबलफॅनपुढे मूर्तीसारखी बसली. चुलीपाशी वाफ म्हणून भात मी चढवला, आणि वीज गेली तेव्हा आप्पा वर्तमानपत्राने तिला वारा घालत राहिले. आईने कधी कुणाकडून वारा घालून घेतला नव्हता. ती सारखी लाजत होती. संध्याकाळी गावची मंडळी आली: बोचकी, आंब्यांच्या पेट्या, फणस, ओल्या फडक्यात गुंडाळलेले वळेसर, चार-पाच पोरी, नवरीमुलगी रंजना आणि थोरली काकी. मी काकीला प्रथमच बघत होते. माझ्या मनात ती मोठी धिप्पाड बाई होती. ही तर खांद्याला वाकलेली, सुकलेली, आणि एवढ्या उकाड्यातही डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसलेली. तिने सगळ्यांची चौकशी केली, पन्हं प्यायली, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून लवकर झोपली.

लग्नाच्या सकाळी ओळ गॅलरीतच बसली. शेजाऱ्यांनी आपापल्या सतरंज्या दिल्या. रंजना, तिच्या मैत्रिणी, आत्या, मी, अशा आम्ही जिन्यापर्यंत पोचलो. आई मुद्दाम शेवटी आली. फडकं सोडून, पदर खाली टाकून, तिने केस पाठीवर मोकळे सोडले आणि थोरल्या काकीच्या पुढ्यात जाऊन बसली. काकीने फणी घेतली आणि वरून खाली ओढली. ती कुठेही अडकली नाही. काकीने पुन्हा ओढली. आईचे ओठ हलले; ते वाक्य आता येणार, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात काकीच म्हणाली, "शेवंता, तुझे केस खंय गेले गो?"

आईला कळेना. "हे काय, हेच ते," ती म्हणाली.

"हे न्हयत. मी ह्या पोरींका वाटेर सांगत हाडलंय, मुंबयच्या काकीचे केस बघा, तसे केस आमच्या घराण्यात कोणाक नाय. रंजनाक म्हटलंय, तुझ्या लग्नात काकी ओळीत बसतली, मगे बघ." काकीने फणी मांडीवर ठेवली. "काय केलंस तू त्येंका?"

आई बसल्या जागी वळली. ठरवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. "मगे तेव्हा हसलात कित्याक?" तिने विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण मी त्या आवाजात तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "सगळ्यांदेखत. मांडवातली माणसां हसली. माझो घोवसुद्धा हसलो. मी परत गावाक पाय ठेवूक नाय, वयनी, तुमका म्हायत आसा."

"म्हायत आसा," काकी म्हणाली. बराच वेळ ती फणीच्या दातांवरून अंगठा फिरवत राहिली. "माझे केस बघूक बायका लांबसून येयत. तू इलंस आणि सगळ्यो तुझ्याच डोक्याक हात लावूक लागल्यो. माका राग इलो. फणी अडकली थोडी, ती मी मुद्दाम मोडलंय." मग तिने डोक्यावरचा पदर सोडला. खाली केस असे उरलेच नव्हते. कातडं दिसणारी विरळ पांढरी झुलपं, आणि त्यांना दोऱ्याने आवळून बांधलेलं काळंभोर गंगावन, उसन्या केसांचं. बांधलेली गाठ सैल होऊन एका कानाकडे आली होती. पोरींपैकी एक फसकन हसली आणि दुसरीने तिला कोपर मारलं. काकीने घाईघाईने पदर परत ओढला.

आई उठली. मला वाटलं, ती आता निघून जाणार. ती खोलीत गेली, मोरीत वाकली आणि पिंपातून तांब्या भरून तिने डोक्यावर ओतला. मी ओरडले, "आई! अगं, काय करतेस!" तिने दुसरा ओतला. "काय उकडता," ती म्हणाली. ती बाहेर आली तेव्हा केस तिच्या खांद्यांवर वर चढत होते, एक एक बट स्वतःभोवती गिरकी घेत होती, आणि पोरी तिच्याभोवती गोळा होऊन हात लावायला धावल्या. तिने लावू दिले. फसकन हसलेल्या पोरीलाही तिने हाताला धरून आपल्या केसांपाशी आणलं. मग ती काकीपाशी आली, पण पुढ्यात बसली नाही. मागे बसली. काकी म्हणाली, "गो, थोरली मागे बसता." आईने ऐकलं नाही. तिने काकीचा पदर हळूच खाली घेतला, आपल्या अंगाने गॅलरीतल्या लोकांपुढे आडोसा केला, आणि ते गंगावन सोडून, रेशमाला लावायची तसली हलकी बोटं लावून, ती विरळ झुलपं एकत्र करायला लागली. तिच्या केसांतलं पाणी काकीच्या मानेवर ठिबकत होतं आणि काकी मान खाली घालून बसली होती. आईने गंगावन परत बांधून गाठ नीट मध्यावर आणली, वर अंबाडा घातला, अबोलीचा सगळ्यांत दाट वळेसर निवडून त्या जोडावर गुंडाळला, आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "वयनी, पदर घेव नको. कोणाक कळूचा नाय."